तेलाचं घड्याळ

थेरोंड्याच्या कोळीवाड्यात हरेश्वर नाखव्याचं नाव निघालं की म्हातारी माणसं आधी हसायची आणि मग बोलायची. कोळ्याच्या पोटी जन्माला येऊन ज्याला बोट लागते असा पंचक्रोशीत तो एकटाच होता. बापाचा मचवा बंदराबाहेर पडायचा अवकाश, की हा आपला कडेला ओणवा. बापानं सहा वर्षं वाट पाहिली, लिंबू चाटवलं, देवीला कोंबडा दिला, आणि शेवटी हात टेकले.

एक गुण मात्र त्यानं बापाकडून पुरेपूर उचलला होता, तो म्हणजे कान. बाप वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून दांडा कानाशी धरायचा. खालून घोळ माशांचा थवा जात असला की लाकडातून कुरकुर वर यायची. ती दहा जणांतल्या एकाला ऐकू येई. हरेश्वर ओकता ओकता दांड्याला कान लावायचा, आणि तो "हाय" म्हणाला की जाळं रिकामं येत नसे. असला कान देऊन देवानं त्याला समुद्रावर टिकणारं पोट दिलं नाही, याचं बापाला मरेपर्यंत वाईट वाटलं.

मग हरेश्वर चौलला रामचंद्रशेठच्या वाडीत कामाला लागला. शेठ म्हणजे नारळ-सुपारीचे बागायतदार, तब्येतीनं बारीक, बोलायला त्याहून कमी. सन चोवीसच्या सुमाराला त्यांनी मुंबईहून एका पारशिणीची जुनी उघडी मोटार घेतली आणि ती मचव्यात घालून रेवसला उतरवली. चालवायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा हरेश्वर गाडीभोवती तीन दिवस घुटमळत होता, म्हणून त्यालाच मुंबईला चार महिने एका कारखान्यात शिकायला धाडलं. परत आला तो परवाना घेऊन, अंगात खाकी कोट घालून, आणि पाय अनवाणी. जोडा घातला की इंजिनाची थरथर तळव्याला कळत नाही असं त्याचं म्हणणं. पुढेही त्यानं गाडीत कधी जोडा घातला नाही.

त्या मोटारीच्या समोरच्या फळीवर बघण्यासारखं काही नव्हतं. विजेचा एक काटा होता, तो पहिल्याच वर्षी अडकला आणि कायम अडकूनच राहिला. पेट्रोल किती आहे ते बांबूची खाचा पाडलेली काठी टाकीत बुडवून बघायचं. पाणी तापलं की टोपण फुसफुसायचं. तेलालाही काठी होती, पण ती गाडी उभी असताना; चालत्या गाडीत तेलाचं काम कानावर. इंजिनात तेल कमी झालं, जाड झालं, जळलं, की आवाज बदलतो. बापाच्या मोडक्या वल्ह्याचा हातभर तुकडा हरेश्वरनं सीटखाली ठेवला होता. त्याचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे, आणि सांगायचं की तिसऱ्या नळकांड्यात काय दुखतंय. अलिबागचे मोटारवाले आपल्या गाड्या त्याला ऐकवायला आणत. शेठ कौतुक तोंडानं करत नसत, पण पाहुण्यांसमोर तो तुकडा काढायला लावत, आणि हरेश्वर डोळे मिटायचा तो गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. एवढी मिजास त्याला शोभत होती.

बत्तीस साली हिवतापाची साथ आली. हरेश्वर तीन महिने अंथरुणात थडथडत होता. दवाखान्यातून कोयनेलच्या, म्हणजे क्विनिनच्या, गोळ्या मिळत होत्या, त्या त्यानं खाल्ल्या, आणखी मागून खाल्ल्या. ताप गेला. जाताना कान घेऊन गेला.

आधी नुसती रातकिड्यांसारखी किरकिर सुरू झाली. मग चुलीवरचं भाकरीचं थापटणं गेलं, मग कावळे गेले, मग मागून मारलेली हाक गेली. बायकोला, ठमीला, ते पहिल्यांदा उमजलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी समोर येऊन, तोंड वर करून बोलू लागली. एकदा मात्र त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "शेटला सांगा."

"सांगू नि काय करू?" तो म्हणाला. "मोटार गेली तं मी कोन?"

खरंच होतं ते. समुद्रावर तो नालायक ठरलेलाच होता. वाडीत शिंपणं काढायला त्याच्यापेक्षा तगडे गडी पडलेले. जगात त्याला इज्जत होती ती त्या चाकामागे, आणि ती होती कानाच्या जोरावर. बहिऱ्याच्या हातात मोटार कोण देईल? हे कळलं की गाडी हातची जाणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. म्हणून त्यानं ताकास तूर लागू द्यायचा नाही असं ठरवलं. कोणी काही विचारलं की मान हलवायची आणि "व्हय व्हय" म्हणायचं. दहांतल्या आठ वेळा ते उत्तर बरोबर निघतं. वल्ह्याचा तुकडा तो अजून इंजिनाला लावायचा, डोळे मिटायचा, पण पलीकडे किरकिरीशिवाय काही नसायचं.

पुढच्या वर्षी नागावजवळ एका बैलगाडीवाल्यानं त्याला हात करकरून थांबवलं. उतरून बघतो तर इंजिन खडखडत होतं आणि तेल तळाला गेलेलं. आणखी अर्धा कोस गेला असता तर संपलं होतं. 

त्याच आठवड्यात त्यानं अलिबागेत एका डॉक्टरची नवी मोटार पाहिली. तिच्या फळीवर चार घड्याळं होती. एक वेगाचं, एक पेट्रोलचं, एक पाण्याच्या उष्णतेचं आणि एक तेलाचं. जुन्या गाडीलाही बसवून मिळतात, असं डॉक्टरचा ड्रायव्हर म्हणाला. म्हणजे हरेश्वरला त्याच्या ओठांवरून तसं वाटलं. तो घरी आला तो ते एकच खूळ घेऊन. जे कानाला कळत नाही ते डोळ्याला कळेल, आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

शेठच्या तो मागेच लागला. शेठ म्हणाले, "नऊ वर्षं तुझ्या कानावर गाडी चालली. आता घड्याळं कशाला?"

हे त्याला समजलं, कारण शेठ हल्ली समोर बघून सावकाश बोलत. त्यानं उत्तर पाठच करून ठेवलं होतं. "शेट, जमाना बदलला. कान हाय तो हायच. पन डोळ्याला बी काम नको काय?"

शेठनी अडकित्ता उचलला. मग सुपारी कातरत म्हणाले, बघू. आणि पंधरा दिवसांनी मुंबईहून बाबाजी मिस्त्री पेटारा घेऊन हजर. शेठला आपण कसं सफाईनं गुंडाळलं, या आनंदात हरेश्वर त्या रात्री ठमीपुढे दोन वेळा हसला.

बाबाजी हा गडगडाटी माणूस होता. एवढ्यातेवढ्याला ओरडून बोलायचा, तोंडाशी तोंड आणून. कारखान्यातल्या लोकांना सवयच असते तशी, असं हरेश्वरनं मनाशी धरलं, आणि देवाचे आभार मानले की चांगला ओरडणारा मिस्त्री मिळाला. बाबाजीनं जुनी फळी काढून सागवानाची नवी बसवली, तिला चार भोकं पाडली आणि चार घड्याळं चढवली. तेलाचं घड्याळ त्यानं बरोबर मधोमध घेतलं, आणि बाकीच्यांपेक्षा मोठं. इंजिनातून त्याच्यापर्यंत तांब्याची एक बारीक नळी आणली, काडीएवढी. त्या नळीतून तेल वर येतं आणि काट्याला ढकलतं.

हरेश्वरला आकडे वाचता येत नव्हते. बाबाजीनं न सांगताच रंगाचा डबा काढला, काच उघडली, आणि आत एक हिरवी रेघ आणि एक तांबडी रेघ ओढली. मग कानाशी येऊन ओरडला, "काटा हिरव्यावर तोवर जा लंकेपर्यंत. तांबड्यावर पडला की तिथल्या तिथं थांब. देव आला समोर तरी एक पाऊल पुढं नाही."

ते सात महिने हरेश्वरच्या आयुष्यातले सोन्याचे होते असं म्हणायला हरकत नाही. डोळ्यांत तेल घालून तो त्या चार घड्याळांकडे बघत बसायचा, एक नजर रस्त्यावर, एक काट्यावर. तेलाचा काटा सकाळी इंजिन लावलं की झटकन उठून हिरव्यावर जाई, तेव्हा त्याला बाप वल्ह्यापाशी बसलेला आठवायचा. शेठही हल्ली मागे न बसता पुढे त्याच्या शेजारी बसत, आणि कुठे वळायचं ते तोंडानं न सांगता हातातल्या काठीनं त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारून सांगत. डावीकडे एक, उजवीकडे दोन. शेठना म्हातारपणी साहेबी चाळे सुचताहेत, असं हरेश्वर ठमीला म्हणाला. ठमीनं चुलीत लाकूड सारलं.

भाद्रपदात शेठच्या पोटात दुखायला लागलं. मुतखडा निघाला. गणपती झाले आणि ते मुंबईला इस्पितळात जाऊन पडले. हरेश्वरनंच त्यांना रेवसला सोडलं. आगबोटीवर चढण्याआधी ते सत्यवतीबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाले की कापायचा दिवस ठरला की कळवतो, तू आदल्या दिवशी ये, तुला बघून मगच टेबलावर निजेन. चाळीस वर्षांच्या संसारात शेठनं केलेलं एवढं लांब भाषण तेच असावं. मग हरेश्वरच्या खांद्यावर हात ठेवून, त्याच्याकडे तोंड करून ते म्हणाले, "वयनीला वेळेवर आण."

"व्हय शेट," हरेश्वर म्हणाला. हे त्याला नीट कळलं होतं.

दसरा आला. दरवर्षी शेठ स्वतः मोटारीची पूजा करायचे, चाकाला एक टिळा, टपाला एक टिळा, झेंडूचा हार, नारळ, की झालं. यंदा शेठ नव्हते. सत्यवतीबाईंनी पूजा चुकू द्यायची नाही असं ठरवलं. नवरा इस्पितळात असलेल्या बाईची पूजा ती. दोन दिवसांचा उपास, ओली साडी, हातात कुंकवाचं तबक. त्यांनी कुंकू पाण्यात कालवून दाट केलं होतं. चाकांना लावलं, टपाला लावलं, मग आत वाकून त्या नव्या फळीसमोर थांबल्या. चार काचेची चकाकती तोंडं. त्यातलं मधलं मोठं, देव्हाऱ्यात मधल्या देवाला मान असतो तसं. बाकीच्या तिघांना त्यांनी बोटानं एकेक टिळा लावला, आणि मधल्याला तीन बोटांनी कुंकवाचा मळवट भरला. वर अक्षता चिकटवल्या. हात जोडून डोळे मिटून त्या काहीतरी पुटपुटल्या. हरेश्वरला ते ऐकू आलं नाही, पण नवऱ्याचं नाव न घेता बायका जे मागतात तेच असणार, हे समजायला कान लागत नाहीत.

कुंकू वाळलं. काच सबंध झाकली गेली होती. त्यामागे काटा कुठे आहे, हिरवी रेघ कुठे, तांबडी कुठे, काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश्वर फडकं घेऊन गाडीपाशी गेला. फडक्याचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि हात पुढे नेला. आणि तिथंच थांबला. सवाष्णीनं भरलेलं कुंकू, तिचा नवरा सुरीखाली जायचाय, आणि आपण ते पुसायचं? कुंकू पुसणं म्हणजे काय हे कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. ते आपोआप झडेल तेव्हा झडेल, हातानं पुसायचं नाही. बरं, बाईंना सांगावं की वयनी, एवढं एक घड्याळ मोकळं करा, तर त्या विचारणार, का? इतकी वर्षं घड्याळाशिवाय चालवलीसच ना? मग काय सांगणार? वेगाचा काटा दिसत होता, पाण्याचा टिळ्याच्या कडेनं दिसत होता, पेट्रोलला काठी होती. तेलाचं तेवढं नव्हतं, आणि तेल कालच भरलं होतं. हरेश्वरनं फडकं खांद्यावर टाकलं. शेठ बरे होऊन आले की तेच पुसतील, असं त्यानं मनाला समजावलं. दरवाजातून बाई बघत होत्या, त्यांना फडकं पुढे गेलेलं दिसलं नाही यातच त्यानं सुख मानलं.

चार दिवसांनी तार आली. उद्या सकाळी ऑपरेशन. रेवसहून शेवटची आगबोट दुपारी सुटायची. बाई जेवत होत्या त्या तशाच उठल्या. बरोबर तुळशीराम निघाला. हा वाडीवरचा जुना कारभारी, भित्रा आणि भला माणूस. तो पुढे बसला, बाई मागे. निघण्याआधी हरेश्वरनं तेलाची काठी ओढून पाहिली. तेल भरपूर होतं. मनात सगळे देव आठवून त्यानं हँडल मारलं.

नागाव गेलं, अलिबाग गेलं. गाडी झकास पळत होती. वेळ हातात होता. थळचा फाटा मागे टाकला आणि चोंढीच्या अलीकडे खड्ड्यात गाडी आदळली. तिथं ती काडीएवढी तांब्याची नळी इंजिनाच्या तोंडाशी तडकली. तेल धुराच्या गरम नळकांड्यावर पडलं असतं तर धूर आला असता, वास आला असता. ते सरळ रस्त्यावर गळत राहिलं. फळीवरच्या मधल्या घड्याळातला काटा कुंकवामागे खाली येत असणार, तांबड्या रेघेवर पडला असणार, आणि हरेश्वर त्या कुंकवाकडे बघत गाडी हाकत होता.

आवाज सुरू झाला. आधी टकटक, मग खटखट. तुळशीरामनं ऐकला. मागे बाईंनी ऐकला. रस्त्याकडेच्या शेतात भात बघत उभ्या असलेल्या माणसांनी माना वळवून ऐकला. तुळशीरामनं हरेश्वरकडे बघून विचारलं, "हरेश्वर, ह्यो आवाज कसला?" हरेश्वरला त्याचे ओठ अर्धे दिसले. त्याला वाटलं, वेळेवर पोचू काय असं विचारतोय. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "व्हय व्हय."

तुळशीराम गप्प बसला. मोटारीच्या आवाजाबद्दल हरेश्वर नाखव्याला शिकवायचं म्हणजे भटजीला मंत्र सांगण्यातलाच प्रकार. अख्खा तालुका ज्याला इंजिन ऐकवायला येतो, त्याला हा खडखडाट ऐकू येत नसेल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. तो ऐकतोय आणि तरी चालवतोय, म्हणजे काही काळजीचं नसणार. बाईही मागे हेच समजून बसल्या होत्या.

झिराडच्या चढावर तळव्याखालची थरथर एकदम वेडीवाकडी झाली. हरेश्वरनं पाय उचलायच्या आत गाडीनं एक हिसका दिला आणि इंजिन जागच्या जागी जाम झालं.

इंजिनावरचं झाकण उघडल्यावर त्याला सगळं दिसलं. तडकलेली नळी, कोरडं पडलेलं इंजिन, मागे चढावरून खाली गेलेली तेलाची काळी रेघ. सीटखालचा वल्ह्याचा तुकडा काढून त्यानं इंजिनावर टेकवला आणि कानाला लावला. का लावला हे त्यालाही सांगता आलं नसतं. मग तुळशीरामला बैलगाडी बघायला सांगून तो रेवसच्या दिशेनं पळत सुटला. आगबोट थांबवायची, पायावर पडून थांबवायची, एवढंच डोक्यात होतं. तीन कोस अनवाणी पळाला. बंदराच्या वळणावर पोचला तेव्हा बोटीचा धूर खाडीच्या तोंडाशी पोचला होता.

मग तो रेवसच्या कोळीवाड्यात शिरला. जातीचा माणूस म्हणून हात जोडले, एक मचवा द्या, मी स्वतः वल्हवतो. लोक वाईट नव्हते. पण ओहोटी लागली होती, मचवे गाळात बसले होते, पाणी दूरवर गेलं होतं. भरती यायची रात्र पडल्यावर, आणि वारा समोरचा. एक म्हातारा तांडेल त्याला हाताला धरून गाळापर्यंत घेऊन गेला आणि नुसतं बोटानं दाखवलं. हरेश्वर घोट्यापर्यंत गाळात उभा राहिला. समुद्रानं आयुष्यभर त्याला नको म्हटलं होतं, आजही तेच म्हणाला.

बाई बैलगाडीतून आल्या तेव्हा सूर्य कलला होता. धक्क्यावर आपल्या ट्रंकेवर त्या बसल्या आणि मुंबईच्या दिशेला तोंड करून बसून राहिल्या.  त्या काही बोलल्या असत्या तरी हरेश्वरला कळलं नसतं, तो मागे उभा होता.

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बोटीनं त्या पोचल्या तेव्हा शेठना टेबलावर घेऊन दोन तास झाले होते. शेठ शुद्धीवर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

तेरावा झाल्यावर बाबाजी मिस्त्री आला. बैल जुंपून मोटार घरी आणून वाडीतल्या शेडमध्ये लावली होती. बाबाजीनं इंजिन उघडलं, आत हात घातला आणि मान हलवली. बेअरिंगं वितळली होती, सगळं एकमेकांत रुतलं होतं. मग तो चाकापाशी आला, वाकला, आणि फळीकडे बघून तसाच थबकला.

"हे कोणी केलं?" त्यानं ओरडून विचारलं.

"वयनीनं. दसऱ्याला."

"आणि तू पुसलं नाहीस?"

हरेश्वरनं फक्त त्याच्याकडे पाहिलं. बाबाजी हिंदूच माणूस होता, त्याला उत्तर लागलं नाही. तो पायरीवर टेकला आणि विडी पेटवली. मग हरेश्वरच्या कानाशी तोंड आणून, पण नेहमीपेक्षा हळू, म्हणाला, "शेठनं मला पत्र लिहिलं होतं. ड्रायव्हरचे कान गेलेत, त्याला वाटतं मला ठाऊक नाही. तेलाचं घड्याळ मोठं आण, समोर बसव, रंगानं खुणा कर, त्याच्याशी मोठ्यानं बोल. आणि कोणाला सांगू नको, घरात बायकोलाही मी बोललो नाही, त्याची इज्जत आहे."

हरेश्वरला शब्द सगळे कळले. तरी त्यानं बाबाजीला पुन्हा सांगायला लावलं. पुढे येऊन बसणं, गुडघ्यावरच्या टिचक्या, समोर बघून सावकाश बोलणं, सगळं एकेक करून त्याच्या ध्यानात येत गेलं. ज्या माणसाला आपण फसवलं म्हणून तो हसला होता, त्यानं त्याला सात महिने झाकून ठेवलं होतं. शेठनं बायकोला एका शब्दानं सांगितलं असतं तर बाईंनी त्या काचेला बोट लावलं नसतं. यानं एका शब्दानं सांगितलं असतं तरी नसतं लावलं. दोघंही गप्प बसले, एक मायेनं आणि एक भीतीनं. हरेश्वर शेडच्या कुडाला डोकं टेकून रडला. बाबाजीनं त्याला रडू दिलं.

तेवढ्यात तुळशीराम बोलवायला आला. बाईंनी हाक मारली होती.

त्या माजघराच्या दाराआड बसल्या होत्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. हरेश्वरनं एकदा बघितलं आणि नजर खाली घेतली, पण मग ओठ दिसेनात, म्हणून पुन्हा वर बघावं लागलं. त्यांनी रागानं विचारलं नाही. एवढे दिवस मनात घोळवलेला एकच प्रश्न होता. बाईंचा आवाज रडून बसला होता, म्हणून तुळशीराम बाजूला उभा राहून तो मोठ्यानं पुढे सांगत होता.

"चोंढीपासून आवाज येत होता. मी ऐकला, ह्यानंही ऐकला. तू का थांबला नाहीस? थांबला असतास, तेल घातलं असतंस, तर बोट मिळाली असती. ते माझी वाट बघत टेबलावर गेले."

खरं उत्तर हरेश्वरच्या जिभेवर होतं. वयनी, तुम्ही ज्याच्यासाठी कुंकू भरलं, त्या कुंकवानंच मला आंधळं केलं. एवढं म्हटलं असतं की त्याचं ओझं अर्धं कमी झालं असतं. आणि ते अर्धं या बाईनं राहिलेला सगळा जन्म वाहिलं असतं.

"मना आयकू येत न्हाय, वयनी," तो म्हणाला. "दोन वर्सां झाली. मी चोरून ठेवलां. चूक माजी हाय, सगळी."

तुळशीरामनं तोंडावर हात ठेवला.  बाई हळूच काही म्हणाल्या, म्हणजे त्यांचे ओठ हलले, आणि ते तुळशीरामनं पुढे सांगितलंच नाही. काय म्हणाल्या ते हरेश्वरला कधी कळलं नाही. बाईंनी त्याला काढून टाकलं नाही, वाडीत रहाटाच्या बैलामागे बसवलं, आणि तो मरेपर्यंत तिथंच बसला. पण त्या दिवशी ते ठरलेलं नव्हतं. त्या दिवशी बाईंनी एवढंच सांगितलं की मोटार एकदा बघायची आहे, संध्याकाळी येते.

हरेश्वर तडक शेडमध्ये गेला. बाबाजीला म्हणाला, तू काही बघितलं नाहीस. बाबाजीनं विडी विझवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. हरेश्वरनं फडकं घेतलं, टोक ओलं केलं. आधी कडेचे तीन टिळे पुसले. मग मधल्या मोठ्या घड्याळावर फडकं ठेवलं. कुंकू खडखडीत वाळलं होतं, अक्षता चिकटल्या होत्या, निघेना, तेव्हा अंगठ्याच्या नखानं खरवडलं आणि बोटांनी चोळचोळून काच स्वच्छ केली. हात लाल झाले.

आत काटा तांबड्या रेघेवर पडलेला होता.